पॉइकिलोसायटोसिस नावाचा आजार नाही

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या कुठल्याही लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट आणा. वरच्या अर्ध्या भागात आकडे असतात: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. शेजारीच नॉर्मल किती ते छापलेलं असतं, त्यामुळे कमी की जास्त हे ज्याचं त्याला पाहता येतं. घोळ होतो तो खालच्या तीन-चार ओळींत. तिथे 'आरबीसी मॉर्फॉलॉजी' असा मथळा असतो आणि त्याखाली 'अॅनायसोसायटोसिस २+, पॉइकिलोसायटोसिस १+, मायक्रोसाइट्स, थोडे एलिप्टोसाइट्स' असं काहीबाही लिहिलेलं असतं. बाई कागद घेऊन गावी जाते, पोरगं मोबाइलवर ते शब्द टाकतं आणि रात्रीतून घरात सुतक. दुसऱ्या दिवशी नवरा दारात उभा: "डॉक्टर, हिला पॉइकिलोसायटोसिस निघाला म्हणतात. दुरुस्त होते का हो हा?"

राजोलीकडून, मारोड्याकडून, सावलीकडून, सगळीकडून हाच प्रश्न येतो. शिकलेली माणसंही विचारतात. म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. पॉइकिलोसायटोसिस नावाचा आजार नाही. अॅनायसोसायटोसिस नावाचाही नाही. हे रक्तातल्या लाल पेशींच्या आकाराचं वर्णन आहे आणि ते ग्रीक शब्दांत केलेलं आहे. 'पॉइकिलोस' म्हणजे नाना तऱ्हेचं, 'अॅनायसोस' म्हणजे असमान, 'कायटोस' म्हणजे पोकळ भांडं. हा शेवटचा शब्द जीवशास्त्राने पेशीसाठी घेतला. म्हणजे त्या दोन भयंकर शब्दांचा अर्थ एवढाच, की पेशी वेगवेगळ्या आकाराच्या दिसल्या आणि लहानमोठ्या दिसल्या. 'मॉर्फॉलॉजी'तला 'मॉर्फे'सुद्धा ग्रीक, म्हणजे रूप. मथळाच सांगतो आहे की खाली रूपाचं वर्णन येणार आहे.

घाबरवते ती शेवटची 'ओसिस'. ट्युबरक्युलोसिस, सिरॉसिस ऐकून ऐकून कानाची खात्रीच झाली आहे की 'ओसिस' आलं म्हणजे रोग आला. ग्रीकमध्ये हा प्रत्यय अवस्था किंवा क्रिया दाखवतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीविभाजनाच्या धड्यात मायटोसिस असतो. तो तुमच्या-माझ्या अंगात या क्षणी चालू आहे, आणि तो थांबला तर जखम भरणार नाही. तोही शब्द आकारावरूनच आला आहे. 'मिटोस' म्हणजे धागा, आणि विभाजनाच्या वेळी पेशीतली गुणसूत्रं धाग्यांसारखी दिसतात.

आता या ओळी लिहिल्या कशा जातात ते पाहा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त थेंबभर काचेवर घेतात, दुसऱ्या काचेच्या कडेने पुढे ओढून पातळ थर करतात, वाळवतात, लिशमन रंग घालतात, धुतात. मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघतात. निरोगी लाल पेशी साधारण सात ते आठ मायक्रॉन रुंद, गोल, दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली असते. म्हणून कडेला गुलाबी आणि मधला एक तृतीयांश भाग फिका दिसतो. लोह कमी पडलेल्या बाईची स्लाइड लावा. पेशी बारक्या, मधला फिकेपणा कडेपर्यंत सरकलेला, काही तर नुसत्या कड्या. मध्येच लांब, निमुळत्या पेन्सिल पेशी. बघणारा जे दिसलं ते लिहितो: असमान, नाना आकारांच्या, लहान. थर्मामीटरवर १०२ लिहून आलं म्हणून कुणी 'मला एकशेदोन झाला' म्हणत नाही. ताप कशाने आला ते शोधतो. इथेही तेच करायचं आहे.

आणि आपल्या भागात कारण बहुतेक वेळा फार दूर नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. त्यातल्या मोठ्या वाट्यामागे लोहाची कमतरता असते. अशा बाईच्या रिपोर्टमध्ये पॉइकिलोसायटोसिस लिहून आला नाही तरच नवल. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, जंत असतील तर त्यांचं औषध हवं, पाळीत रक्त फार जात असेल तर त्याचा इलाज हवा. ती मात्र ग्रीक शब्दावरचं औषध शोधत नागपूर गाठते. काही जण तर 'पेशींचा आकार सुधारणारं' टॉनिक विकतात, आणि माणसं हजार-दीड हजार मोजून ते घेतात. याचा मला संताप येतो. लाल पेशीत केंद्रक नसतं. एकदा वेडीवाकडी बाहेर पडलेली पेशी कुठलंही टॉनिक सरळ करत नाही. ती जास्तीत जास्त १२० दिवस फिरते आणि मरते. लोह मिळालं की हाडांतल्या मज्जेत नव्या पेशी नीट घडून येतात आणि जुन्या हळूहळू गळतात. म्हणून रिपोर्टमधला तो शब्द जायला तीन-चार महिने लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासून 'अजून आहेच' म्हणत गोळ्या बंद करणारे जिथे होते तिथेच येतात.

एक उलटी गोष्टही सांगतो. कधी कधी आकार माणसाच्या अंगात बिघडलेलाच नसतो. 'एकायनोस' म्हणजे काटेरी प्राणी, जमिनीवरचा किंवा समुद्रातला. त्यावरून कडेला सारख्या अंतरावर काटे आलेल्या पेशीला एकायनोसाइट म्हणतात. शिबिरात सकाळी घेतलेलं रक्त ट्यूबमध्येच पडून राहून संध्याकाळी लॅबला पोहोचलं, किंवा पावसाळ्यात स्लाइड नीट वाळली नाही, तरी असे काटे येतात. रिपोर्टमध्ये नुसते एकायनोसाइट्स असतील आणि माणूस ठणठणीत असेल, तर आधी ताजं रक्त देऊन बघावं.

ही नावं अशी का पडली, हेही सांगतो. फ्रेंच रक्ततज्ज्ञ मार्सेल बेसिस यांनी १९७० च्या दशकात लाल पेशींच्या आकारांची नावं ग्रीकवरून पद्धतशीर बसवली. काटेरी ती अॅकँथोसाइट, तोंडासारखी फट असलेली स्टोमॅटोसाइट, अश्रूच्या थेंबासारखी डॅक्रियोसाइट, तुटकी ती शिस्टोसाइट. हेतू असा, की कारणाबद्दल काहीही गृहीत न धरता नुसतं दिसलं ते नोंदवता यावं. कारण ठरवणं हे पुढचं काम आहे, आणि ते रोग्याला तपासणाऱ्याचं आहे.

याच यादीतला एक शब्द मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत जिवाशी खेळतो. ग्रीकमध्ये विळ्याला 'ड्रेपॅनॉन' म्हणतात, त्यावरून ड्रेपॅनोसाइट, म्हणजे सिकलसेल. शिकागोत ग्रेनाडाहून आलेल्या वॉल्टर नोएल नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला अशा पेशी दिसल्या, आणि जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. इथे तर नाव आकाराचं आणि आजारही त्याच नावाचा. त्यामुळे समज पक्का झाला आहे की विळे दिसले तर सिकल आहे, नाही दिसले तर नाही. लग्नाआधी सिकलची तपासणी करा म्हटलं की उत्तर येतं, "साहेब, सीबीसी केली ना, सगळं नॉर्मल आहे."

सीबीसीत वाहक सापडत नाही. दोषी हिमोग्लोबिन, म्हणजे एस, प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतं आणि त्या दांड्या पेशीला वाकवतात. प्राणवायू मिळाला की पेशी पुन्हा गोल होते. असं वारंवार झालं की काही पेशी कायमच्या वाकड्या राहतात, आणि एसएस पॅटर्नच्या रुग्णाच्या स्लाइडवर दिसतात त्या याच. एएस पॅटर्नच्या माणसाच्या, म्हणजे वाहकाच्या, पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं. त्याची स्लाइड गोल, साफ, देखणी दिसते. तो नांगर धरतो, रोवणी करतो, त्याला काही होत नाही. पण जोडीदारही एएस असला तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढचे तीन चांगले' हा हिशेब खोटा आहे. तो हिशेब करून बसलेली आणि दोन-दोन मुलांना कळा येताना बघणारी घरं या तालुक्यांत आहेत.

गावात आशाताईंमार्फत होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. तीही अर्धवट समजली जाते. ती पॉझिटिव्ह आली की रक्तात एस हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. एएस की एसएस हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पॉझिटिव्ह म्हणजे रुग्ण समजून पोरीचं लग्न मोडणारे आणि निगेटिव्ह म्हणून तान्ह्या बाळाची काळजी सोडून देणारे, दोघेही चुकतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे त्या वयात ही टेस्ट फसवते.

सिकल फक्त आदिवासींना होतो, हेही काढून टाका. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, आणि तेव्हापासून विदर्भातल्या पाहण्यांत गोंड, माडिया, प्रधान यांच्याबरोबर बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत तो सापडत आला आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. आदिवासीबहुल भागात ती आधी होते, याचा अर्थ बाकीच्यांनी निर्धास्त राहावं असा नाही.

आणखी एक विळा आहे, आणि गडचिरोलीत दोन्हींची गल्लत होते. हिवतापाच्या एका परोपजीवीचं नाव फाल्सिपेरम. हा शब्द लॅटिन आहे, पण अर्थ पुन्हा विळ्याचाच. या परोपजीवीचं नर-मादी रूप, गॅमिटोसाइट, चंद्रकोरीसारखं वाकडं असतं आणि लाल पेशीच्या आत बसलेलं दिसतं. पेशीत विळा हा हिवताप, पेशीच विळा हा सिकल. पहिला डासाने येतो, दुसरा आईबापाकडून. दोघांत नातं आहे, पण ते वेगळं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस माणसाला फाल्सिपेरमचा जीवघेणा ताप कमी येतो. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. 'सिकलवाल्याला मलेरिया होत नाही' हे त्यावरून काढलेलं अनुमान मात्र घातक आहे. एएसलाही लागण होते, आणि एसएस रुग्णाला हिवताप झाला तर जीव जाऊ शकतो. त्याने मच्छरदाणी इतरांपेक्षा जास्त कसोशीने वापरावी.

बाकीचे शब्द थोडक्यात. लघवीच्या किंवा थुंकीच्या रिपोर्टमधला 'कॉकाय' हा एक जंतू नाही. 'कॉकोस' म्हणजे दाणा, आणि गोल दाण्यासारख्या सगळ्याच जिवाणूंना तसं म्हणतात, त्यांतले कितीतरी निरुपद्रवी. 'स्टॅफिलो' म्हणजे द्राक्षांचा घोस, 'स्ट्रेप्टो' म्हणजे पीळ दिलेलं. यावरून जंतू कसे गोळा होऊन बसतात ते कळतं. औषध कोणतं चालेल ते कल्चर सांगतं. 'लेप्रसी'तला 'लेप्रोस' म्हणजे खवल्यासारखं. पण कुष्ठरोग मुळात नसांना धरतो, त्यामुळे खवले शोधत बसू नका, बधिर चट्टा दिसला की दाखवा. 'एलिफंटायसिस'मध्ये हत्ती आहे तो सुजलेल्या पायाच्या रूपावरून. हत्तीशी, हत्तीच्या वाटेशी, जंगलातल्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तो क्युलेक्स डासातून येणाऱ्या कृमीमुळे होतो, आणि ते सूक्ष्म कृमी रक्तात रात्री जास्त येतात. म्हणून हिवताप-हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रात्री दहानंतर दार वाजवतात. "दिवसा या" म्हणून त्यांना परत पाठवलं, तर काचेवर काहीच सापडत नाही.