वडिलांचं घर स्वस्तात घेताना डिपॉझिट कुठून?

इंग्लंडमध्ये आईवडिलांचं घर बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकत घेतलं, तर त्यांनी सोडलेली रक्कमच अनेक बँका डिपॉझिट म्हणून धरतात. समजा, घर 3 लाख पौंडांचं आहे आणि वडील ते मुलीला 2 लाख 40 हजारांना देतात. उरलेले 60 हजार, म्हणजे 20 टक्के, ही त्यांची भेट. मग मुलीला पूर्ण 2 लाख 40 हजारांचं कर्ज मिळू शकतं. बँकेच्या लेखी ते घराच्या किमतीच्या 80 टक्केच असतं. काही बँका तरीही थोडी रोख मागतात. घराचा बाजारभाव बँकेचा मूल्यमापक ठरवतो, घरचे नव्हेत.

स्टॅम्प ड्यूटी प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर लागते. (महाराष्ट्रात रेडी रेकनरचा दर जास्त असेल तर तोच धरतात.) भेटीनंतर 7 वर्षांच्या आत वडील वारले, तर ते 60 हजार वारसा कराच्या हिशेबात येऊ शकतात. वडील त्याच घरात राहणार असतील तर पुष्कळ बँका कर्जच नाकारतात. हे सगळं पाहता विकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी वेगळा वकील हवाच. घर त्यांचं आहे, आणि सही करण्यापूर्वी त्यांना सगळं नीट समजलं पाहिजे.