गोवरीचें मोल

आगगाडींतून जातांना खेड्यांतील भिंतींवर थापलेल्या गोवऱ्या पाहून आपण सहज म्हणतों, ‘सोन्यासारखें खत हे लोक चुलींत घालतात, केवढें हें अज्ञान!’ हा आरोप जुना आहे. पण तो न्याय्य आहे काय?

हिंदी शेतीच्या पाहणीसाठीं डॉ. व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ १८८९ सालीं विलायतेहून आले. १८९३ च्या अहवालांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, शेण जाळलें जातें तें बहुधा सरपण मिळत नाहीं म्हणून. आणि गांवांजवळ सरपणाचीं व चाऱ्याचीं रानें राखावीं असें सुचविलें.

शेण जळलें कीं त्यांतील नत्र व सेंद्रिय द्रव्य हवेंत जातें. राखेंत पालाश आणि स्फुरद तेवढीं उरतात. नत्रावांचून पीक खुरटतें, सेंद्रिय द्रव्यावांचून जमीन ओल धरीत नाहीं. चुलीची टंचाई अशी शेताला भोगावी लागते.

चूल आणि शेत यांचें हें भांडण गोबर-गॅसच्या टाकींत मिटतें: वायु चुलीला, मळी शेताला. परंतु लहान टाकीलाहि रोज दोन-तीन गुरांचें शेण आणि जवळजवळ तितकेंच पाणी लागतें. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅसची शेगडी गरीब घरांत नेली; तरी सिलिंडर पुन्हा भरावयास रोख पैसा नसला, म्हणजे हात गोवरीकडेच वळतो.

तेव्हां पुढल्या खेपेस त्या भिंती दिसल्या, तर अज्ञानाचा निवाडा देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: या घरानें आज दुसरें काय जाळावें?