नाव एक, नळ्या दोन

विद्यार्थी मित्रांनो, झुरळाचे फक्त डोके पाण्यात बुडाले तर ते गुदमरेल का? ‘हो’ म्हणालात, तर दोष तुमचा नाही. ‘श्वासनलिका’ या शब्दाचा आहे!

आपल्या गळ्यातून छातीत उतरणाऱ्या नळीला डॉक्टर ‘ट्रॅकिया’ म्हणतात, मराठीत श्वासनलिका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खडबडीत’. कूर्चेच्या १६ ते २० अर्धवट कड्यांमुळे ही नळी खडबडीत लागते. रोहिण्यांतूनही हवाच वाहते, असे काही प्राचीन ग्रीक वैद्यांना वाटे. म्हणून हिचे नाव पडले ‘खडबडीत रोहिणी’. पुढे ‘रोहिणी’ गळाली, ‘खडबडीत’ तेवढे उरले.

१६६९ साली इटालीच्या मार्सेलो मालपीगी यांचा रेशमाच्या किड्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या अळीच्या दोन्ही कुशींवर छिद्रांच्या नऊ जोड्या असतात. तेथून आत पसरलेले नळ्यांचे जाळे मालपीगींनी पाहिले. छिद्रांना तेल लावल्यावर अळ्या मेल्या. म्हणजे नळ्या हवेच्याच! त्यांनाही ‘ट्रॅकिया’ हेच नाव मिळाले आणि छिद्रे झाली ‘श्वासरंध्रे’.

दोन्ही नळ्यांत एक साम्य आहे. त्या दबून चपट्या होता कामा नयेत. आपल्या नळीला कडी आधार देतात, तर कीटकाच्या नळीला आतून मळसूत्री जाड पट्टी असते.

पण येथेच साम्य संपते. आपली नळी हवा फुप्फुसात पोचवते. पुढे प्राणवायू वाहण्याचे काम रक्ताचे. कीटकाला फुप्फुसे नाहीत. त्याच्या नळ्यांना फाटे फुटत फुटत ते थेट पेशींपर्यंत जातात. बहुतेक कीटकांचे रक्त प्राणवायू वाहण्याच्या कामी फारसे येत नाही. मग हवा आत सरकते कशी? लहान कीटकांत विसरणच पुरेसे ठरते, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनी १९२० साली गणिताने दाखवले. मोठे कीटक मात्र पोट भात्यासारखे हलवतात. विसरणाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. कीटक हत्तीएवढे का होत नाहीत, याचे हे एक कारण मानतात.

आता झुरळाकडे वळू. त्याच्या श्वासरंध्रांच्या दहाही जोड्या छाती-पोटावर असतात, डोक्यावर एकही नाही. म्हणून ते गुदमरणार नाही. क्यूलेक्स डासाची अळी तर शेपटीकडच्या नळीने हवा घेते. डबक्यावर तेलाचा पातळ थर दिला की ती मरते, ती यामुळेच.

तेव्हा मित्रांनो, नाव सारखे दिसले म्हणून रचनाही सारखीच असेल असे मानू नका. हवा कोठून शिरते आणि कोठवर जाते, हे आधी विचारा!