भाषांतरकाराला द्यावयाच्या सूचना

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्यास येडेश्वरीच्या दर्शनाला लोटलेला समुदाय रानातले चुनखडीचे खडे वेचतो, हे या भागात कोणास सांगावयास नको. एकाच्या ओंजळीत चार-दोन खडे, पण ओंजळीला ओंजळ मिळून ढीग उभा राहतो. आता असे समजा की, या ढिगाचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाच्या वहीत एका संख्येचे तीनच आकडे मावतात. ढीग १०० किलोंचा झाला आहे आणि एका भाविकाने ०.४ किलो खडे आणले. बेरीज १००.४, पण वहीत जागा तीनच आकड्यांची, म्हणून पुन्हा १००. दुसरा आला, तिसरा आला, तरी वहीत १००च. त्याच तिघांचे खडे आधी एकत्र करून १.२ किलो असे ढिगात घातले असते, तर वहीत १०१ लागले असते. खडे तेच, काटा तोच. फक्त बेरजेचा क्रम बदलला.

संगणक हा असाच कारकून आहे. त्याची वही मोठी, म्हणजे नेहमीच्या दुहेरी अचूकतेत सुमारे सोळा आकड्यांची असते. पण ती कोठे तरी संपतेच. शास्त्रीय गणिताची लायब्ररी मूळ मजकुरावरून स्वतःच्या यंत्रावर बांधताना ज्या अडचणी येतात, त्यांपैकी सर्वांत फसव्या अडचणीचे मूळ येथे आहे.

‘बांधणे’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. समीकरणे सोडविणे, सरासरी काढणे, लहरींचे पृथक्करण करणे ही कामे जाणत्यांनी एकदा लिहून ठेवली आहेत. हा मजकूर फोरट्रान किंवा सी अशा भाषेत असतो. यंत्राला ती भाषा कळत नाही. तिचे यंत्राच्या बोलीत भाषांतर करणारा कार्यक्रम म्हणजे कंपायलर. फोरट्रानचा पहिला कंपायलर जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली आयबीएममध्ये पुरा केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले, त्याचा शब्द ४८ बिटांचा होता. कानपूरच्या आयआयटीत पुढे आलेल्या आयबीएम ७०४४ चा शब्द ३६ बिटांचा. एकच कार्यक्रम दोन्हीकडे चालविला, तर शेवटचे आकडे जुळावेत अशी अपेक्षाच चुकीची होती. आज यंत्रे या बाबतीत बरीच एकसारखी झाली आहेत, कारण १९८५ साली दशांश-गणिताचे एक प्रमाण ठरले. पण कंपायलरला आपण दिलेली एखादी सूचना ते प्रमाण मोडू शकते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

ज्या दोषात कंपायलर स्वतःच अडून बसतो, तो सर्वांत सोपा. तो शंभर ओळींची तक्रार करतो. त्यांतील पहिलीच वाचावी, बाकीच्या बहुधा तिची पिलावळ असते. २०२० साली जीएनयूच्या फोरट्रान कंपायलरची दहावी आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार बांधल्या जाणाऱ्या कित्येक जुन्या लायब्रऱ्या एकाएकी अडल्या. जुने लेखक एकाच उपकार्यक्रमाला एकीकडे पूर्णांक देत, तर दुसरीकडे दशांश. ही सैल वागणूक पूर्वी खपत असे, ती आता चूक ठरली. ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ ही सूचना दिली की चूक पुन्हा इशाऱ्यावर येते. आमच्या मते ही सूचना तात्पुरती समजावी आणि मजकूर दुरुस्त करावा.

दुसरा दोष जोडणीचा. सारे भाग बांधून होतात आणि शेवटी ‘अमुक नावाचा पत्ता नाही’ असे उत्तर येते. येथे क्रम पाहावा : मागणारा आधी, पुरविणारा नंतर. जीएनयू सायंटिफिक लायब्ररी जोडताना तिच्या मागे तिची ब्लास लायब्ररी आणि सर्वांत शेवटी साधी गणिताची लायब्ररी लिहावी लागते, ती याचसाठी.

तिसरा दोष प्रवासात उघड होतो. ‘मार्च=नेटिव्ह’ म्हणजे, ‘ज्या यंत्रावर बसला आहेस त्याच्या सर्व खुब्या वापर.’ वेग वाढतो. पण नव्या यंत्रावर बांधलेली लायब्ररी महाविद्यालयातील जुन्या यंत्रावर नेली, की त्याला न कळणारी आज्ञा भेटते आणि कार्यक्रम जागीच मरतो. हा दोष निदान प्रामाणिक आहे. तो लपत नाही.

लपतो तो चौथा. एका विद्यार्थ्याने पावसाच्या जुन्या दैनंदिन नोंदी आमच्याकडे आणल्या होत्या. ज्या दिवशी पर्जन्यमापक वाचलाच गेला नाही, त्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’, अशी खूण होती. कार्यक्रमाने सांगितले : नोंद नसलेले दिवस शून्य. वहीत तर कोरी पाने डोळ्यांना दिसत होती! आम्ही दिवसभर नोंदींवर संशय घेत राहिलो. दोष आमचाच निघाला. वेगाच्या लोभाने आम्ही ‘फास्ट-मॅथ’ ही सूचना दिली होती. तिच्यात कंपायलरला एक वचन गुपचूप दिले जाते : ‘येथे नॅन कधी येणारच नाही.’ मग ‘हा नॅन आहे काय?’ हा प्रश्न कंपायलरला निरर्थक वाटतो आणि तो त्याचे उत्तर कायमचे ‘नाही’ असे लिहून मोकळा होतो. पाऊस मुळात तुटपुंजा असलेल्या जिल्ह्यात ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ यांत केवढे अंतर आहे, ते शेतकऱ्यास विचारावे.

हीच सूचना आपल्या कारकुनाच्या बेरजेवरही घाला घालते. विल्यम काहान यांनी १९६५ साली एक युक्ती प्रसिद्ध केली : प्रत्येक बेरजेत जो तुकडा वहीत मावला नाही, तो बाजूला लिहावा आणि पुढच्या ओंजळीत मिसळावा. नवी बेरीज वजा जुनी बेरीज, वजा नवी ओंजळ. जे उरेल तो तुकडा. १०० मध्ये ०.४ मिळवून १०० आले, तर उणे ०.४ उरते, म्हणजे तेवढे येणे राहिले. दुसऱ्या खेपेस ०.८ मिळविले जाते आणि वहीत १०१ लागते. तिसऱ्या खेपेअखेरही १०१च राहते, आणि तेच बरोबर आहे. पण शाळेच्या बीजगणिताने पाहिले तर हा उरलेला तुकडा नेहमीच शून्य! ‘फास्ट-मॅथ’ दिल्यावर कंपायलर शाळेचे बीजगणित लावतो, तुकडा शून्य ठरवून सारी युक्ती पुसून टाकतो, आणि तक्रारीचा एक शब्दही काढत नाही.

१९९२ सालच्या लॅपॅक या प्रसिद्ध लायब्ररीच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक होता. यंत्राच्या वहीत आकडे किती मावतात हे मोजणारा तिच्यातील छोटा उपकार्यक्रम कोणतीही सुधारणा न करता भाषांतरित करावा, अशी तजवीज त्यांनी बांधणीच्या फाइलीतच केली होती. पुढे तो भाग फोरट्रानच्या अंगभूत सोयी वापरून नव्याने लिहिला गेला.

तेव्हा संशय आला म्हणजे आम्ही असे करतो. आधी ‘ओ-शून्य’, म्हणजे सुधारणा मुळीच नको, अशा सूचनेने बांधतो आणि ‘मेक चेक’ देऊन लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या चालवितो. त्या पार पडल्या तर ‘ओ-दोन’, मग यंत्राच्या खुब्या. एका वेळी एकच बदल. शेवटच्या एखाद्या आकड्यात फरक पडला तर घाबरत नाही, कारण गुणाकार-बेरीज एकाच झटक्यात करणाऱ्या नव्या यंत्रांत तो पडतोच. चौथ्या-पाचव्या आकड्यात पडला, तर थांबतो. आणि सूचना बदलली की जुने बांधलेले तुकडे ‘मेक क्लीन’ने पुसतो. ‘मेक’ साधारणतः फाइलींच्या वेळा पाहतो, आपण आज्ञेत बदललेली सूचना पाहत नाही. हे न कळल्यामुळे आम्ही एकदा तीच सदोष लायब्ररी चार वेळा तपासली आणि चारही वेळा सूचनेलाच निर्दोष ठरविले!