मोरीत ओतलेले जाते कुठे?

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या इमारतीत वरच्या तिन्ही मजल्यांवर अभ्यंगस्नाने एकदमच सुरू झाली. तेल, उटणे आणि बादल्या भरभरून ऊन पाणी! सहाच्या सुमारास तळमजल्यावरच्या आजींची हाक आली, "अहो, नळ बंद करा! आमच्या न्हाणीत खालून पाणी वर येतंय!" ते पाणी कसले होते, हे सणाच्या अंकात न सांगितलेलेच बरे. फराळाची ताटे तशीच राहिली आणि सारी बिऱ्हाडे अंगणातल्या चेंबरभोवती गोळा झाली.

दहाला मिस्त्री आले. चेंबरचे झाकण काढून त्यांनी वरूनच लांब कांब घालून ढोसले, तेव्हा एक पांढुरका, मेणचट गोळा बाहेर आला. "वहिनी, ही बघा तुम्हा सर्वांची चकली!" ते म्हणाले. हसलो सगळ्याच; पण मनातून ओशाळलो. आठवडाभर तळणीचे उरलेले तेल आम्ही मोरीतच ओतले होते ना!

शिवाय कुणी तरी सुचवले, "पुढेही अडलं असेल तर रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये एखाद्याला उतरवा. पैसे जास्त देऊ." मिस्त्रींचे हसू मावळले. "साहेब, आत वायू असतो. पैसे घेणारा वर येईलच, असं नाही."

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

घरातल्या मोरी, न्हाणी आणि संडास यांच्या नळ्या शेवटी एकाच मुख्य वाहिनीला मिळतात. एकटी मोरी तुंबली, तर दोष बहुधा तिच्याच नळीत असतो. पण दोन-तीन ठिकाणी एकदम पाणी साचू लागले, किंवा संडासात पाणी सोडताच न्हाणीची जाळी गुडगुडू लागली, तर मुख्य वाहिनी अडली असे समजावे. मग वरच्यांचे पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येते. चूक सर्वांची, भोग तळमजल्याला!

तूप आणि वनस्पती वाहिनीत गार होऊन थिजतात. तेलाचेही पाण्यातल्या क्षारांशी मिळून साबणासारखे घट्ट किटण बनते. त्याला कणीक, भात आणि केस चिकटतात. ऊन पाणी ओतून काम भागते, हा समज चुकीचा. ते पाणी तेलातुपाला थोडे पुढे नेते इतकेच. पुढे ते पुन्हा साचतेच. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली चरबी आणि ओले वाइप्स यांचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा गटारात सापडला होता!

उपाय मात्र अगदी घरगुती आहेत. उरलेले तेल गार करून झाकणाच्या बाटलीत भरावे. बायोडीझेलसाठी ते गोळा करणारे असतील, तर त्यांना द्यावे. कढई घासण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्यावी. मोरीला आणि न्हाणीला बारीक जाळी बसवावी. चहाचा चोथा, रांगोळी, उटण्याचा गाळ केराच्या टोपलीत टाकावा. सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, वाइप्स हे कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावेत. संडासात कधीही नाही. वाहिनीजवळ पिंपळ-उंबर उगवू देऊ नये. त्यांची मुळे सांध्यातून आत शिरतात. आणि पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी चेंबर जाणत्याकडून तपासून घ्यावे.

एवढे करूनही वाहिनी तुंबलीच, तर यंत्राने साफ करून घ्यावी. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू फार वाढला, की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. आवश्यक संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. पण गेलेल्या माणसाची भरपाई कुठली रक्कम करणार?

यंदा आमच्या जिन्याखाली तेलासाठी एक झाकणाचा डबा ठेवला आहे. आणि नरकचतुर्दशीला पहिले अभ्यंगस्नान तळमजल्यावरच्या आजींचे, असे सर्वानुमते ठरले आहे!