संततिनियमनाची साधने : गोपनीयता व खर्च

एखादे साधन उपलब्ध असणे आणि ते गरजवंताच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. संततिनियमनाच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. साधन सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळत असले, तरी ते मागताना नाव, पत्ता व वैवाहिक स्थिती चारचौघांत सांगावी लागेल या भीतीने तरुण व्यक्ती मागे फिरते. ते दुकानात निमूटपणे मिळत असले, तरी दरमहाचा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्यात असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात नाशिकमधील सज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, तरुणांपुरता या प्रश्नाचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ पर्यंत ते चालविले. मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर येथे विशेष लक्षणीय आहे. जे प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा ओळखीच्या वैद्याला विचारता येत नसत, ते वाचक पत्राने विचारीत व त्यांना छापील उत्तर मिळे. याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. खटला कर्वे हरले. परंतु अशा माहितीची समाजाला गरज आहे, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

खर्चाचा प्रश्न राज्यसंस्थेपुढे मांडण्याचा यत्नही लवकरच झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा व सोयींचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आले, तेव्हा तीन नगांची किंमत पंधरा पैसे ठेवण्यात आली. आणि चहा, साबण यांसारख्या वस्तू पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या विक्रीव्यवस्थेतून ते गावोगावच्या दुकानांत गेले. या योजनेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. किंमत अल्प होती आणि खरेदी करणाऱ्याला कोणत्याही नोंदवहीत नाव लिहावे लागत नव्हते. गोपनीयता व स्वस्ताई या दोन्ही गोष्टी एका व्यवहारात साधल्या गेल्या.

सरकारी कार्यक्रमाची मांडणी मात्र ‘पात्र जोडपे’ या कल्पनेभोवती झाली. पात्र जोडपे म्हणजे विवाहित जोडपे. त्यामुळे अविवाहित व्यक्तीस कायद्याने मनाई नसतानाही आपण या व्यवस्थेच्या बाहेर आहोत असे वाटते. आशा कार्यकर्तीमार्फत साधने घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये निघाली व त्यासाठी नाममात्र दर ठरविण्यात आले. परंतु आशा ही त्याच गावची रहिवासी असते. सुरगाणा, पेठ किंवा निफाड तालुक्यातील खेड्यात साधन स्वस्त, पण पाहणारे डोळे ओळखीचे. शिक्षणासाठी नाशिक शहरात आलेल्यास डोळे अनोळखी, पण पैसा तुटपुंजा. एका ठिकाणी एक अडचण सुटते, तर दुसऱ्या ठिकाणी दुसरी उभी राहते.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी संस्थांत निरोध, माला-एन गोळ्या, ‘छाया’ गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन व तांबी या गोष्टी विनामूल्य देण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे. माला-एन रोज घ्यावयाची असते. छाया ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घेतात. अंतरा दर तीन महिन्यांनी टोचावे लागते. म्हणून घरात गोळ्यांचे पाकीट ठेवण्याची ज्यांना अडचण वाटते त्यांना ते सोयीचे पडते. तांबी प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे काम देते. आकस्मिक प्रसंगी घ्यावयाची लेव्होनॉरजेस्ट्रेल गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते. ती बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी उत्तम, घ्यावी. रुजलेला गर्भ तिने पडत नाही आणि नित्याचे साधन म्हणून ती उपयोगी नाही. उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांनी संप्रेरकयुक्त गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. लैंगिक संसर्गापासून संरक्षण मात्र यांपैकी केवळ निरोधनेच मिळते.

गोपनीयतेला कायद्याचा आधार आहे. सज्ञान व्यक्तीस ही साधने घेण्यासाठी विवाहाचा पुरावा किंवा पालकांची संमती आवश्यक नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, काही ठराविक अपवाद सोडता, डॉक्टरने उघड करू नये असे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत म्हटले आहे. गर्भपातविषयक १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन, साधन निष्फळ ठरल्याच्या तरतुदीत ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला, आणि स्त्रीचे नाव उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या लाभात विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही असा निर्णय दिला. अठरा वर्षांखालील व्यक्तींची गोष्ट वेगळी आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तेथे माहिती कळविण्याचे बंधन घातले आहे.

सारांश, साधने आहेत, त्यांपैकी पुष्कळ विनामूल्य आहेत आणि कायदाही अनुकूल आहे. उणीव आहे ती खिडकीपाशी. बाह्यरुग्ण विभागात नाव मोठ्याने पुकारणे, ‘लग्न झाले आहे का?’ असा प्रश्न रांगेसमोर विचारणे, या लहान वाटणाऱ्या गोष्टींनी मोठ्या योजना निष्फळ होतात. सल्ल्यासाठी आडोशाची खोली, वैद्यकीय कारणापुरतेच प्रश्न, आणि न विचारता उचलता येतील अशा ठिकाणी ठेवलेली निरोधची पेटी, यांस फारसा खर्च येत नाही. कर्व्यांच्या वाचकाला पत्राच्या पाकिटात जो आडोसा मिळाला, तो आजच्या तरुणाला सरकारी दवाखान्यात मिळावा, एवढीच ही अपेक्षा आहे.