‘सायलेन्सर’ की ‘सप्रेसर’? : अमेरिकेतील एका शिकारविषयक वादाचा भाषिक विचार

एखाद्या वस्तूस कोणते नाव द्यावे, हा प्रश्न सामान्यतः कोशकारांचा समजला जातो. परंतु त्या वस्तूविषयी कायदा करावयाचा प्रसंग आला की नाव हे केवळ नाव राहत नाही. तो एक पक्ष बनतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदुकीच्या बाराचा आवाज कमी करणारे उपकरण शिकाऱ्यांना मोकळेपणाने वापरू द्यावे की नाही, याविषयी गेली कित्येक वर्षे चाललेला वाद हे याचे बोलके उदाहरण होय. विरोधक त्या उपकरणास ‘सायलेन्सर’ म्हणतात, समर्थक ‘सप्रेसर’ म्हणतात. दोन्ही पक्षांचा असा समज दिसतो की योग्य नाव रूढ झाले म्हणजे निम्मा वाद मिटला. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

१. वस्तू आणि तिचे कार्य

बंदूक उडते तेव्हा ऐकू येणारा आवाज एक नसतो. काडतुसातील दारू पेटून निर्माण झालेले तप्त वायू नळीच्या तोंडाशी एकदम बाहेर पडतात, हा पहिला आवाज. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर तिच्या मार्गात हवेवर आसूड ओढल्यासारखा कडाका उमटतो, हा दुसरा. बंदुकीच्या यंत्रणेचा खटका हा तिसरा. विवाद्य उपकरण म्हणजे नळीच्या तोंडावर बसविलेले, आत पडदे असलेले एक नळकांडे होय. त्यात वायू पसरतात, काहीसे थंड होतात आणि मग सावकाश बाहेर पडतात. म्हणजे ते केवळ पहिल्या आवाजावर परिणाम करते. दुसरा आवाज गोळीच्या वेगातून उत्पन्न होत असल्यामुळे त्यावर या नळकांड्याची सत्ता चालत नाही. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. हरणाच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीचा वेग बहुधा त्याच्या दुपटीहून अधिक असतो.

अशा रायफलीच्या बाराची तीव्रता साधारणतः १६० डेसिबेलच्या आसपास असते, आणि उपकरणामुळे ती २० ते ३५ डेसिबेलने उतरते. येथे आकड्यांची भाषाही फसवी आहे. डेसिबेल हे प्रमाण सरळ बेरजेचे नसून घातांकाचे आहे. ३० डेसिबेलची घट म्हणजे ध्वनीची ऊर्जा हजारपटीने कमी होणे; मात्र कानाला तो आवाज ढोबळ मानाने आठपटीनेच कमी वाटतो. तरीही उरलेला १३० डेसिबेलचा आवाज शांत म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत आघाती ध्वनीची कमाल मर्यादा १४० डेसिबेल धरली आहे. तात्पर्य, उपकरण आवाज नाहीसा करीत नाही. कानाला तत्काळ इजा करणाऱ्या पातळीच्या थोडा खाली आणून ठेवते.

२. नावांचा इतिहास

‘सायलेन्सर’ हे नाव विरोधकांनी बनविलेले नाही. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाने या उपकरणाचे पेटंट मिळविले आणि ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नावाने ते विकावयास काढले. स्वयंचलित मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याचा हा पुत्र. बापाने बंदूक बोलकी केली आणि लेकाने तिला गप्प करण्याचा उद्योग आरंभिला. विक्रेत्याला आपल्या मालाचा गुण वाढवून सांगावयाचा होता, म्हणून त्याने ‘शांत करणारा’ हे पूर्णतादर्शक नाव निवडले. जाहिरातीतील ती अतिशयोक्ती पुढे आरोप म्हणून उलटली. ‘सप्रेसर’, अर्थात दाबणारा, हा शब्द व्यापारी व शिकारी यांच्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. २०११ मध्ये स्थापन झालेल्या समर्थकांच्या संघटनेने तोच आपल्या नावात घेतला.

इतर भाषांकडे पाहिले असता नाव आणि धोरण यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे ध्यानात येते. जर्मन भाषेतील ‘शालडेम्फर’ आणि नॉर्वेजियन भाषेतील ‘लिडेम्पर’ या शब्दांचा अर्थ ‘आवाज मंद करणारा’ एवढाच आहे. इंग्लंडातील शिकारीही ‘साउंड मॉडरेटर’ असे म्हणतात. फ्रेंच भाषेत मात्र ‘सिलांसिए’ हाच शब्द प्रचलित असून तरीही २०१८ मध्ये फ्रान्सने शिकारीसाठी त्याचा वापर मोकळा केला. नाव कठोर असले म्हणजे कायदा कठोर होतोच असे नाही.

३. कायद्याची भाषा

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने ‘मफलर अथवा सायलेन्सर’ हा अग्निशस्त्राच्या व्याख्येतच समाविष्ट केला. जे स्वतः गोळी झाडू शकत नाही असे नळकांडे त्या दिवसापासून कायद्यापुरते बंदूक ठरले. अभिधेचा असा विस्तार केवळ विधिमंडळालाच शक्य असतो. त्याच्या हस्तांतरावर २०० डॉलरचा कर आणि सक्तीची नोंदणी लादण्यात आली. उपकरणाच्या तत्कालीन किमतीच्या मानाने हा कर म्हणजे जवळजवळ मनाईच होती.

१९८६ मध्ये संघीय कायद्यात जी व्याख्या आली ती भाषाभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. बाराचा आवाज बंद करणारे, दबका करणारे किंवा कमी करणारे कोणतेही साधन, असा तिचा आशय आहे. तीन क्रियापदे उतरत्या श्रेणीने मांडली आहेत. गंमत अशी की, वस्तूस नाव मिळाले ते पहिल्या क्रियापदावरून, आणि तिचे प्रत्यक्ष कार्य बसते ते तिसऱ्यात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने हा घोटाळा टाळला आहे. तेथे आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेली उपसाधने, असे केवळ कार्यवर्णन आहे. ही उपसाधने तेथेही अग्निशस्त्रातच मोडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर भारतात छंद म्हणून करावयाची शिकार उरली नाही, त्यामुळे प्रस्तुत वाद येथे उद्भवला नाही.

४. वादाचे खरे स्थान

समर्थकांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आणलेल्या विधेयकास ‘श्रवण-संरक्षण कायदा’ असे नाव दिले. या नावात कान आहे तो बंदूकधाऱ्याचा. रानात कानात बोळे घातले तर सोबत्याची हाक, कुत्र्याची चाहूल आणि सावजाची खसफस काहीच ऐकू येत नाही. म्हणून शिकारी ते वापरावयास नाखूष असतात आणि वयाबरोबर बहिरे होतात, हे त्यांचे म्हणणे निराधार नाही. विरोधकांच्या ‘सायलेन्सर’ या शब्दात कान आहे तो इतरांचा : रानातून चाललेल्या वाटसरूचा, चोरट्या शिकारीवर पाळत ठेवणाऱ्या रक्षकाचा, गर्दीतील माणसाचा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या हत्याकांडात हे उपकरण वापरले गेले नव्हते. परंतु ते असते तर लोक सावध होऊन पळाले असते काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे विचारला गेला आणि विधेयक मागे पडले. आवाज तरीही ऐकू आलाच असता, असे उत्तर समर्थकांनी दिले.

येथे दोन्ही पक्ष आवाजाच्या मात्रेविषयी बोलत होते. परंतु बार हा नुसता ध्वनी नसून एक संकेत आहे. तो ऐकू येणे निराळे, आणि तो बार म्हणून ओळखता येणे निराळे. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथील सरकारी इमारतीत बारा जणांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याच्या पिस्तुलावर हे उपकरण होते. बचावलेल्यांपैकी काहींना आवाज ऐकू आला, पण तो बंदुकीचा आहे हे प्रथम उमगले नाही. ते पिस्तूल ४५ कॅलिबरचे होते, आणि त्या जातीची गोळी बहुधा ध्वनीपेक्षा मंद असते. म्हणून तेथे दुसरा कडाका नसतो. शिकारीच्या रायफलीत तो कडाका शाबूत राहतो. एकच नळकांडे एका शस्त्रावर संकेताचा केवळ जोर कमी करते आणि दुसऱ्या शस्त्रावर त्याची ओळखच पुसू शकते. ‘सायलेन्सर’ हे नाव दुसरी स्थिती सर्वत्र लागू करते, ‘सप्रेसर’ हे पहिली. दोन्ही नावांत हा भेद मावत नाही.

जर्मनीच्या २०२० च्या सुधारणेने मात्र हा भेद नियमात आणला आहे. तेथे शिकारपरवाना असणाऱ्यास हे उपकरण घेता येते, पण ते शिकारीच्या लांब नळीच्या बंदुकांपुरते. अमेरिकेत २०२५ मध्ये जे घडले ते उलट होते. उपकरण १९३४ च्या कायद्यातून सर्वस्वी वगळण्याची तरतूद अर्थसंकल्पीय विधेयकाच्या नियमांत बसत नाही, असा निर्णय सेनेटच्या कार्यपद्धतीच्या अधिकाऱ्याने दिला. म्हणून ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून कर तेवढा शून्यावर आणला, नोंदणीची तरतूद तशीच ठेवली. कर उठला तो रायफलीवरचा आणि पिस्तुलावरचा असा भेद न करता. कायद्यातील शब्द एकच असल्यामुळे सवलतही एकच झाली.

५. मराठी पर्यायाविषयी

मराठी वाचकाला ‘सायलेन्सर’ म्हटले की मोटारसायकल आठवते, कारण इंजिनाच्या धूरनळीवरील साधनासाठी ब्रिटिश इंग्रजीतील तो शब्द आपण उचलला. अमेरिकेत त्यालाच ‘मफलर’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे थंडीत गळ्याभोवती गुंडाळला जातो. मोटारसायकलच्या सायलेन्सरने कोणी मौनाची अपेक्षा करीत नाही. तेथे रूढीने शब्दाचा पूर्णतादर्शक अर्थ झिजविला आहे. बंदुकीच्या बाबतीत ही झीज झालेली नाही.

संस्कृतोद्भव पर्याय घेतला तरी अडचण संपत नाही. ‘ध्वनिरोधक’ म्हणावे तर आवाज अडलाच असे वाटते. ‘ध्वनिशामक’ म्हणावे तर ‘शामक’ हे पद स्वतःच द्व्यर्थी आहे : अग्निशामक आग पूर्ण विझवितो, वेदनाशामक वेदना केवळ कमी करतो. ‘ध्वनिमंदक’ हा शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण त्यात मात्रेचा भाव आहे. पण कोणत्या शस्त्रावर, किती मंद, आणि कोणाच्या कानाला, हे तोही सांगत नाही. ते सांगण्याचे काम नामाचे नव्हे, वाक्याचे आहे; आणि कायदा हा अखेर वाक्यांचाच बनलेला असतो. शिकाऱ्याचा कान आणि वाटसरूचा कान या दोहोंना न्याय द्यावयाचा असेल, तर नावाची निवड करण्यात खर्ची पडलेले श्रम व्याख्येतील विशेषणांवर व अपवादांवर खर्च करणे अधिक फलदायी ठरेल.